ऊबगवत

बार्शीत मातीच्या सपाट माळवदाच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला घरावर गवत दिसलं, की तिचे हात शिवशिवणारच. यमुनाबाई कोरके लेकीच्या बाळंतपणासाठी नॉर्वेतल्या त्या डोंगरगावात पोचल्या आणि मान वर करून बघतात तो काय, अख्ख्या छपरावर गुडघाभर गवत!

"अगं बाई! राहतं घर ना हे? बेवारशी असल्यासारखं गवत कसलं माजवलंय?"

"इथली जुनी रीत आहे, आई," शैलजा हसली. "खाली भूर्जाच्या सालीचे थर, वर मातीसकट गवत. माझं गवत तर आणखी वेगळं आहे..."

पुढचं यमुनाबाईंनी ऐकलंच नाही. पोटुशी पोर, तिला कुठलं छपरावर चढणं होतंय, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी लेक-जावई तपासणीला गेले, तसा बाईंनी पदर खोचला, बागेतलं खुरपं घेतलं आणि शिडी लावली. माळवदावरचं गवत मुळासकट काढायचं, नाहीतर घर गळतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. कोपऱ्यातल्या खोलीवरचं छप्पर त्यांनी लख्ख करून टाकलं. खाली उतरल्या तेव्हा जीव कसा सुखावला होता!

शैलजा परतली आणि अंगणात पडलेल्या गवताची मुळं चाचपू लागली.

"आई, ती चूल होती गं आमची!"

मग सगळं कळलं. सुरणाच्या कुळातल्या काही फुलांना अंगचीच ऊब असते. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या शैलजानं तो गुण गवताच्या मुळांत उतरवला होता. उन्हाळाभर गवत साखर साठवायचं आणि थंडीत मुळं ती हळूहळू जाळायची. खालच्या माणसाचा श्वास सालीतून झिरपला की मुळं जागी व्हायची, रोजच्या वेळाही शिकायची. गावातल्या सगळ्या घरांवर आता हेच ऊबगवत होतं. दुसरी शेगडी कुणाकडे उरली नव्हती. कोपऱ्यातली खोली बाळाची होती, आणि बर्फ दाराशी आलेलं.

"पुन्हा पेरू या की," यमुनाबाई चाचरत म्हणाल्या.

"आता बी रुजत नाही. ती एक खोली उघडी पडली, की सगळं घर गारठतं. ती तापली नाही, तर शहरात भाड्याच्या खोलीत जावं लागेल. या दिवसांत, इतक्या लांब."

करायला गेल्या गणपती आणि झालं माकड! यमुनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री जेवल्याही नाहीत.

सकाळी जावई एरलेंड शेजारी सांगून आला, आणि दुपारपर्यंत अंगण माणसांनी भरलं. प्रत्येकानं आपल्या छपरातून एकेक चौकोन मातीसकट कापून आणला होता. जुनी, साखर भरलेली मुळं थंडीतही जीव धरतात म्हणे.

"अहो, माझ्या वेडेपणापायी तुमची घरं गार का करता?" यमुनाबाई कळवळून म्हणाल्या. कानातल्या दुभाषी यंत्रानं त्यांचं बोलणं शेजारच्या म्हाताऱ्या रागनहिल्डला पोचवलं.

"छप्पर एकट्यानं शाकारायचं नसतं," ती म्हणाली. "उद्या माझं फाटलं, तर तू येशीलच की."

तुकडे बसले. आठवडाभर सगळे ठेंगण्या छताच्या फळ्यांना हात लावून बघत होते. फळ्या गारठलेल्याच. शैलजानं बॅगाही भरायला काढल्या.

आणि एका दुपारी, रिकाम्या पाळण्यावरच्या फळीला हात लावताच यमुनाबाई ओरडल्या, "शैला! अगं, तापलीय! धावत ये!"

शैलजा आनंदानं रडलीच. मुळं रुजली होती, आता बाकीचेही तुकडे तापणार होते. बॅगा पुन्हा रिकाम्या झाल्या. पण मग ती थबकली. "खाली कुणीच झोपत नाही. मग ही जागी कशी झाली?"

कॉफी प्यायला आलेली रागनहिल्ड उठली आणि तिनं फळीवर तळवा ठेवला.

"हा माझा तुकडा. माझ्या नवऱ्याच्या, टोरवाल्डच्या खाटेवरचा. जेवून याच वेळी आडवा व्हायचा तो. दोन वर्षं झाली त्याला जाऊन, पण हे गवत रोज त्या वेळी तापतंच."

"मग हाच कशाला दिलात हो?" यमुनाबाईंनी विचारलं. "दुसरा नव्हता का?"

"याचीच मुळं सगळ्यात दाट होती. बाळाला चांगलाच द्यायचा ना." रागनहिल्ड हसली, पण तळवा काही तिनं काढला नाही. मग शैलजाकडे वळून तिनं हळूच विचारलं, "बाळाचा श्वास ओळखीचा झाला, की हे गवत टोरवाल्डला विसरेल का गं?"