वीतभर पंख, बोटभर जबडा

"जरा उठता का? तुम्ही माझ्या झुरळावर बसला आहात."

बेगिमाय ताडकन उठली. हातातलं जर्दाळू निसटून उतारावरून घरंगळत गेलं. तिने स्कर्ट झटकला, मागे पाहिलं, पुढे पाहिलं... झुरळ कुठेच नव्हतं. उन्हाने नाक लालबुंद झालेला एक उंच तरुण मात्र गुडघे टेकून, ती बसली होती त्या दगडावर हलकेच फुंकर मारत होता. आणि करड्या दगडावर खरंच एक झुरळ होतं — नखाएवढं, मिशांसकट, तेवीस कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात निजलेलं.

"मेलंय ना?" तिने विचारलं.

"तुम्ही बसायच्या आधीच," तो गंभीरपणे म्हणाला... आणि मग त्याचे डोळे हसले.

त्याचं नाव एर्निस. दगडातल्या किड्यांचा अभ्यास करायला कालच राजधानी बिश्केकहून आला होता. ती इथलीच, बातकेनच्या जर्दाळूवाल्यांची मुलगी. ओशच्या विद्यापीठात शिकत होती आणि उन्हाळाभर मादिगेनच्या या उघड्याबोडक्या डोंगरात, प्राध्यापिका सोनुन एजेंच्या — एजे म्हणजे ताई — हाताखाली हाडं शोधत होती.

"किड्यांसाठी एवढ्या लांब आलात? आमच्या न्हाणीघरात या, हवे तेवढे देते."

"ते नवश्रीमंत. मला जुन्या खानदानातले हवेत."

तिला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं.

मग रोज काही ना काही होऊ लागलं. दुपारी तो हिरव्या चहाचा प्याला घेऊन मुद्दाम तिच्या बाजूला यायचा. त्याच्या बाजूला छिन्नीचे घाव थांबले की तिची मान आपोआप वर व्हायची. एजे दोघांकडे पाहायच्या, नानचा तुकडा मोडायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" एकदा त्याने विचारलं.

"जबडा. सरड्यासारखा नाही, उंदरासारखाही नाही... मधला!" बोलता बोलता तिचे हात उडू लागले. "सरड्याच्या खालच्या जबड्यात कितीतरी हाडं असतात. आपल्यात एकच. मग बाकीची गेली कुठे?"

"कुठे?"

"काही झिजून गेली, काही कानात सरकली! पिढ्यान् पिढ्या बारीक होत होत. ज्या बिजागरीवर आपले पूर्वज तोंड उघडायचे, त्याच हाडांनी तुम्ही आत्ता माझं ऐकताय."

एर्निसने कान चोळला. "तरीच तुमचं बोलणं असं चावतं."

तिने त्याच्यावर ब्रश फेकला. त्याने तो झेलला आणि संध्याकाळपर्यंत परत केला नाही.

पण जबडा काही मिळेना. माशांचे खवले मिळाले, पानं मिळाली... हाड नाहीच. मुक्कामाचा शेवटचा दिवस उजाडला. एजेंनी बेगिमायला आधीच सांगून ठेवलं होतं — काही हाती लागलं नाही, तर प्रबंधाचा विषय बदलावा लागेल. त्याच सकाळी एर्निसला वरच्या कपारीत पंख सापडला. वीतभर लांब, शिरान् शीर स्पष्ट! असे किडे आता जगात नाहीत. तो चक्क नाचला. त्याने पंखावर डिंक लावला, वर ताडपत्री ओढली. बेगिमायनेही टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. आणि पाठ फिरवून हळूच डोळे पुसले.

दुपार कलताना तिच्या छिन्नीखाली एक पापुद्रा अलगद सुटला.

दात! काळेभोर, चमकणारे दात. पुढचे सुळ्यांसारखे, मागचे रुंद, उंचवट्यांचे. आणि जबड्याच्या मागच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड... अजून कानात न गेलेलं.

"एर्निस! अरे एर्निस, ये ना लवकर!"

हाक मारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण एजेंना नाही, याला बोलावलं. आणि 'अरे' म्हणालो.

तो घसरतच आला. दोघं एकदम वाकले, डोक्यावर डोकं आपटलं. कुणीच 'आई गं' म्हणालं नाही.

"बेगिमाय..." त्याने त्या इवल्याशा हाडाकडे बोट केलं. "हा मधलाच आहे गं."

तेवढ्यात आभाळ गडगडलं. कड्यामागून काळा ढग चढून आला आणि पहिली गार तिच्या खांद्यावर बसली. इथला दगड म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट. भिजला की संपला. बाकीचं सामान खाली ट्रकमध्ये बांधून झालेलं. ताडपत्री एकच — वर, त्याच्या पंखावर.

एर्निसने वर पाहिलं. एकदाच. मग धावत सुटला आणि ती काढून घेऊन आला.

"अरे, पण तुझा पंख —"

"ते टोक धर!"

त्यांनी ताडपत्री ताणली, कडांवर धोंडे रचले आणि पाठीवर गारा झेलत खाली ट्रकशेजारी उभ्या जीपकडे पळाले. दार लावलं. पत्र्यावर गारांचा असा ताशा वाजत होता की स्वतःचा श्वास ऐकू येईना. काचेतून ती वर पाहत राहिली. वरच्या कपारीतून लालसर चिखल ओघळत होता. त्यात कुठेतरी तो पंख होता... तेवीस कोटी वर्षं टिकलेला.

"का केलंस असं?" ती ओरडली.

"काय?"

"का — केलंस?"

तो काहीतरी ओरडला. 'पंख' एवढंच कळलं, नंतर 'तू', पुढचं सगळं गारांनी खाल्लं. त्याच्या केसांत बर्फ अडकला होता आणि तो हसत होता, वेडा. बेगिमायला राहवेना. तिने छाती भरून श्वास घेतला —

"मला तू आवडतोस! फार आवडतोस!"

आणि नेमक्या त्याच क्षणी गारा थांबल्या. डोंगरात थांबतात तशा, नळ बंद केल्यासारख्या. तिचा आवाज समोरच्या कड्यावर आपटला आणि परत आला... *आवडतोस... वडतोस...*

शेजारच्या ट्रकची काच खाली झाली. सोनुन एजेंनी डोकं बाहेर काढलं.

"आम्हाला आलं ऐकू," त्या म्हणाल्या. "त्याला आलं का, ते विचार."

एर्निस मानेपर्यंत लाल झाला होता.

"नाही, एजे," तो म्हणाला. "पुन्हा सांगावं लागेल."

बेगिमायने त्याच्या दंडावर एक चापट मारली. मग त्याच्या केसांतला बर्फ काढला, जवळ सरकली आणि पुन्हा सांगितलं. या वेळी अगदी हळू. त्यावर त्यानेही काहीतरी सांगितलं, तितकंच हळू.

एव्हाना ताडपत्रीपाशी पोहोचलेल्या एजे वरून जीव तोडून ओरडत होत्या — "बेगिमाय! अगं, शाबूत आहे! दातान् दात शाबूत आहे!"

खाली दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं.