डी म्हणजे डावा

“मॅडम, तुमचे दोन डोळे एकमेकांशी भांडलेत का हो?”

आवाज अनोळखी, आणि प्रश्न हा असा. कुणीतरी टवाळी करतंय असं समजून ती फोन ठेवणारच होती, तेवढ्यात तो घाईघाईने म्हणाला, “थांबा, थांबा! चष्म्याच्या काचा बनवतो आम्ही. तुम्ही मोबाईलवरून ऑर्डर दिलीये ना? त्यात एका डोळ्यापुढे वजा साडेचार आहे आणि दुसऱ्यापुढे अधिक सव्वापाच. असं क्वचित असतंही, पण... म्हटलं विचारावं.”

“दोन्हीकडे वजाच आहे,” ती ओशाळून म्हणाली. “चष्म्याशिवाय भरलं मी ते. चिन्ह दिसलंच नाही.”

ती शहरातली बस चालवायची. डेपोच्या पायऱ्यांवर तिचा चष्मा पडला आणि मागून येणाऱ्या कंडक्टरच्या बुटाखाली त्याचा पार भुगा झाला. तेव्हापासून ती रजेवर होती. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा खिडकीशी खाटेवर बसून तिचं बोलणं ऐकत होते.

“आणखी एक,” तो म्हणाला. “पीडीची जागा रिकामी सोडलीत. दोन बाहुल्यांमधलं अंतर. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर डोकं धरतं. फूटपट्टी आहे घरात? व्हिडिओ कॉल करतो.”

तिने पट्टी भुवयांखाली आडवी धरली.

“माझ्याकडे बघू नका. लांब, खिडकीबाहेर बघा. जवळ बघितलं की बाहुल्या आत वळतात.”

तसाही तो तिला पडद्यावर नुसता एक धूसर ठिपका दिसत होता. ती समोरच्या गच्चीकडे बघत राहिली. आकडा काही येईना.

“किती आलं?”

“अं? एकसष्ट... की बासष्ट? विसरलो. पुन्हा एकदा बघा ना लांब.”

“तुम्ही काचा बनवता की बहाणे?”

“काचा. बहाणे आजच सुरू केलेत.”

तिला हसू फुटलं. चष्मा फुटल्यापासून पहिल्यांदाच.

बोलता बोलता ती बस चालवते हे कळलं, तसा त्याने डॉक्टरांच्या कागदाचा फोटो मागितला. तो पाठवताना तिचा अंगठा जरा अडखळला. थोड्या वेळाने पुन्हा फोन आला.

“ओडी लिहिलंय ते आकडे तुम्ही डाव्या डोळ्याला दिलेत.”

“मग? डी म्हणजे डावाच की!”

तो इतक्या मोकळेपणाने हसला की खाटेवर बाबाही हसले. “ड्रायव्हरसाहेब, ते लॅटिन आहे. ओडी उजवा, ओएस डावा. इकडची काच तिकडे गेली असती. शिवाय तुम्हाला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे बुबुळ अगदी गोल नाही. ती काच किती अंशांत बसवायची ते अॅक्सिस सांगतो. तो चुकला तर सरळ रस्ताही तिरका दिसेल.”

तिरका रस्ता, आणि मागे भरलेली बस...

“मग नीट करून पाठवा.”

“नाही पाठवणार.” त्याचा आवाज आता गंभीर होता. “कागद चार वर्षांपूर्वीचा आहे. एकदा डोळे तपासून या, मग मी स्वतः बसून काचा घासतो.”

“नंबर तोच आहे! तुम्हाला काय करायचंय?” तिने फोन कट केला.

दुकानात गेलं की आधी तपासायला बसवतात, म्हणून तर तिने मोबाईल गाठला होता. बाबांचे डोळे काचबिंदूने गेले होते. दुखलं नाही, खुपलं नाही. नुसता कडेकडेने अंधार आत सरकत आला. ‘मुलीचेही तपासत चला,’ असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. ती एकदा गेली, आणि मग कधीच गेली नाही. त्याऐवजी रोज सकाळी एक डोळा झाकून दाराच्या चौकटीच्या दोन्ही कडा दिसतात का ते बघायची. दिसायच्या. तरी जिवाला घोर लागलेलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन वाजला. “चष्म्यासाठी नाही,” तो म्हणाला. “रागावलात का, एवढंच विचारायचं होतं.”

“हो.”

“बरं. मग उद्या पुन्हा विचारतो.”

आणि खरंच विचारलं. मग रोजच जेवणाच्या सुट्टीत तो फोन करू लागला. ती त्याला घाटाच्या वळणाबद्दल सांगायची, तो काच घासताना बोटाला कड कशी कळते ते सांगायचा. मोबाईलमध्ये तिने त्याचं नाव ‘काचवाला’ ठेवलं होतं. दुपार झाली की तिचे कान फोनकडे लागत, आणि तो यायला जरा उशीर झाला की बाबा मुद्दाम खाकरत.

एका दुपारी तिच्याच्याने राहवलं नाही. “मला भीती वाटते हो. तपासलं आणि तेच निघालं तर? बस चालवणं सुटेल माझं. बाबांना कोण बघणार?”

‘काही होणार नाही’ असं तो म्हणाला नाही. तिला ते फार बरं वाटलं.

“भीती वाटणारच,” तो हळूच म्हणाला. “मी येऊ... सोबत?”

ती बाबांच्या खाटेकडे वळली.

“हो म्हण की,” खाटेवरून आवाज आला. “फोन स्पीकरवर आहे गं.”

दवाखान्यात तिला एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. किती दिवे सुटले असतील? दाबलं ते खरंच दिसलं म्हणून, की घाबरून? मग डोळ्यांत थेंब घातले आणि बाहेर बाकावर बसवलं. सगळं जग विरघळल्यासारखं झालं होतं. दार उघडलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. तो कामावरून थेट इथेच येतो म्हणाला होता... आला नाही तर?

बाक किंचित हलला.

“मी आलोय,” ओळखीचा आवाज म्हणाला. धावत आल्यासारखा श्वास.

“मला दिसत नाही तुम्ही.”

“ते साहजिक आहे.”

“किती जवळ यावं लागेल? काचवाले तुम्ही, तुम्हीच सांगा.”

“तुमच्या नंबरला...” तो अडखळला. “वीतभर.”

आणि तो वीतभर अंतरावर आला. डाव्या भुवईत जुनी खोक, नाकावर चष्म्याचा वळ, आणि डोळे... ते तिच्याइतकेच घाबरलेले होते.

“तुम्ही का घाबरलात?”

“आज जे काही कळणार आहे,” तो म्हणाला, “ते तुमच्या एकटीचं राहिलेलं नाही. निदान माझ्यासाठी तरी.”

तेवढ्यात आतून तिला बोलावणं आलं. ती उठली तेव्हा त्याने तिच्या हाताला हलकेच आधार दिला, आणि दारापर्यंत तो सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पुन्हा पुन्हा पाहिले. “नस चांगली आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “काचबिंदू नाही. पण डोळ्यातला दाब वरच्या मर्यादेवर आहे, आणि घरात आजार आहे. दर सहा महिन्यांनी यायचं. टाळाटाळ चालणार नाही. नंबर थोडा वाढलाय. नवा चष्मा लावा आणि खुशाल बस चालवा.”

बाहेर आली तेव्हा ऊन डोळ्यांत सुयांसारखं टोचलं. पुढच्या पायऱ्या दिसेनात. तिने त्याचा कोपर धरला आणि सगळं सांगितलं. बोलता बोलता रडली, मग हसली.

“दर सहा महिन्यांनी मी येईन सोबत,” तो म्हणाला.

ती पायरीवरच थांबली. “फक्त सहा महिन्यांनीच येणार तू?”

‘तू’ तोंडातून निसटला होता... आणि तिने तो परत घेतला नाही.

कोपरावरचा तिचा हात त्याने आपल्या हातात घेतला. “आधी बाबांना कळवू. वाट बघत असतील. डोळ्यांचं सांगू, आणि मग... दुसरं.”

“दुसरं काय?”

“हेच, की मला तू आवडतेस. पट्टी धरून खिडकीबाहेर बघत होतीस ना, तेव्हापासून.”

तिने त्याच्या खांद्याला डोकं टेकवलं. उन्हाने डोळे घट्ट मिटलेलेच होते.

“मग लाव ना फोन,” ती म्हणाली. “मला बटणं दिसत नाहीयेत.”