निकिता निघाली जगाला

श्रावणातली दुपार होती. करंजीच्या घाटात सायकल चढवताना निकिताच्या कॅरिअरवरचं पोतं फाटलं आणि बाजरी ओल्या डांबरावरून खालच्या वळणाकडं पळत सुटली. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं ब्रेक मारला, पाय टेकला. आधी बाजरीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“गिरणी घाटाच्या वर हाय का?” त्यानं विचारलं.

“दळायला न्हाई नेत. वजनाची सवय करतेय.”

“कशासाठी?”

“जगाची फेरी मारायचीय. सायकलवर.”

आता हा हसणार, म्हणून ती थांबली. सगळेच हसत. तो हसला नाही. पावसाच्या बारीक भुरभुरीत वाकून त्यानं पोत्याची फाटकी कड चाचपली. “ह्या गोणीनं घाट चढला न्हाई, जग कुठलं फिरतीय... पिशव्या मी शिवून देतो. तुमी या.”

त्याचं नाव जस्टिन. तिसगावच्या बाजारपेठेत ताडपत्र्या आणि सीट कव्हरं शिवायचं त्याचं दुकान होतं. निकिता सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होती आणि सुट्टीला पाथर्डीजवळच्या गावी आईकडं यायची. आता दर सुट्टीला तिची सायकल आधी तिसगावला थांबू लागली.

दुकानाच्या भिंतीवर तिनं जगाचा नकाशा चिकटवला. नेपाळपर्यंत रस्त्यानं, मग विमानानं थायलंड, तिथून मलेशिया. पुढं जॉर्जिया, तुर्कस्तान, युरोप... कुठल्या देशाचा व्हिसा कुठं मिळतो, कुठल्या महिन्यात कुठं बर्फ पडतं, हे ती सांगायची आणि तो मशीन चालवता चालवता ऐकायचा. पिशवीत पाणी शिरतं का हे बघायला त्यानं एकदा आत कोरडं पीठ भरून ती हौदात बुडवली. बाहेर काढून दोघांनी एकदमच हात घातला. पीठ कोरडं होतं. हात मात्र दोघांनी लगेच बाहेर काढले नाहीत.

“झाली की पिशवी,” ती हळूच म्हणाली.

“न्हाई... शिवण जरा वाकडी वाटतीय. पुढच्या सुट्टीला या.”

“मला तर सरळ दिसते.”

“तुमाला नकाशा कळतो. शिवण मला कळती.”

असं दोन-तीनदा झालं. त्यातच ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

बाजारपेठेला मात्र कळलं. निकिताचा मामा वाल्मिक तिच्यासाठी स्थळ घेऊन हिंडत होता, आणि पोरगी ख्रिश्चनाच्या दुकानात बसते हे त्याच्या कानावर गेलं. एका बाजारच्या दिवशी तो निकिताच्या आईला, मालनबाईला, सोबत घेऊन थेट दुकानात आला. निकिता तिथंच होती. मामानं जस्टिनला बजावलं की पिशव्या द्यायच्या नाहीत, आणि निकिताला सांगितलं की बाईच्या जातीनं असं एकटं मुलूखभर हिंडायचं नसतं. बाहेर माणसं जमली.

निकिता उठली. तिचा आवाज चढला नाही.

“मामा, मी सहा महिन्यांची हुते तेव्हा ट्रकवर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूरला गेले. मग दर साली गेले. कधी सांगली, कधी कर्नाटक. उघड्यावर झोपले. तेव्हा तुमी कधी आडवे आला न्हाई. तेव्हा पोट हिंडवत हुतं, आता मी माझ्या मनानं हिंडणार. आनि स्थळं बघू नका. माणूस मी बघितलाय.”

एवढं बोलल्यावर तिच्या ध्यानात आलं: ज्याला बघितलं होतं, त्याला तिनं अजून विचारलंच नव्हतं. तिनं मान वळवून पाहिलं नाही. मागं मशीन थांबलं. स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि जस्टिन येऊन तिच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लावून.

“पिशव्या कवाच झाल्यात,” तो मामाला म्हणाला. “हिनं यावं म्हणून मीच उसवून परत शिवत हुतो. आज देतोय.”

मामा मालनबाईकडं वळला, तिनं तरी काही बोलावं म्हणून. मालनबाईनं पोरीकडं पाहिलं, त्या पोराकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “माझे गुडघे गेले नसते, तर मीबी गेले असते.”

मामा गेला. त्यानं पुढं कितीतरी दिवस बोलणं टाकलं. जस्टिनच्या घरीही कुरबुर झाली. चर्चमध्ये लोक वळून बघू लागले. दोघांनी त्याची फिकीर केली नाही.

दिवाळी झाल्यावर निकिता निघाली. पैठणच्या अलीकडं गोदावरीचा पूल आहे, तिथपर्यंत जस्टिन मोटरसायकल हळूहळू चालवत तिच्या बाजूनं आला. पुलावर दोघं थांबले. खाली पाणी ऊन घेऊन पसरलं होतं.

“मी वाट बघीन,” तो म्हणाला.

“नको बघूस.”

त्याचा चेहरा उतरला.

“वाट बघणारं माणूस मागं असलं की पाय जड होतात,” ती म्हणाली. “मी लग्नासाठी परत फिरणार न्हाई, जस्टिन. तू ये. असशील तसा... मी असेन तिथं.”

“माझ्याकडं पासपोर्ट न्हाई.”

“मग काढ.”

समोरून उसाचा ट्रक येत होता. तो जाऊ द्यावा म्हणून ती थांबली नाही. भर उन्हात, पुलाच्या मधोमध तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकले. ट्रकवाल्यानं लांबलचक हॉर्न वाजवला. दोघांपैकी कुणीच दचकलं नाही.

मग ती गेली. पैठणच्या वळणाला तिनं मागं न बघता एक हात वर केला.

जस्टिननं मोबाईल काढून घरी फोन लावला. “आई, माझा जन्माचा दाखला कुठं हाय?”

आईनं विचारलं, आता तो कशाला लागला मधेच.

“लग्नाला परदेशी जायचंय.”

“कुनाच्या?”

“माझ्या,” जस्टिन म्हणाला.