डाव्या हाताचा खेळ

टीव्हीवर धाकटी बहीण हसत होती आणि इथे ताई चहाचा कप तसाच हातात धरून बघत होती...

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तसा साधाच प्रश्न विचारला होता, की लहानपणी तुम्ही सराव कुणाबरोबर करायचात. वीस वर्षं देशोदेशीच्या कोर्टांवर खेळून गेल्याच आठवड्यात निवृत्त झालेल्या, पण घरात अजूनही छोटीच असलेल्या त्या टेनिसपटूनं क्षणभर खाली बघितलं आणि ती म्हणाली, "बाबा होते. आणि क्लबच्या मागची भिंत होती."

आरामखुर्चीतले बाबा समाधानानं मान डोलवत होते. छान बोलते, असं त्यांनी दोनदा म्हटलं. ताईनं कप खाली ठेवला, त्यांच्या दुपारच्या गोळ्या काढून हातावर दिल्या आणि उरलेली मुलाखत ओट्याला टेकून, पडद्याकडे पाठ करून ऐकली. भिंत... अकरा वर्षं जाळीच्या पलीकडे उभी होती ती भिंत!

दोघींत अंतर दीड वर्षाचं. आई लवकर गेली, आणि क्लबात प्रशिक्षक असलेल्या बाबांना मुलींना ठेवायला कोर्टाखेरीज दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे दोघी तिथेच वाढल्या, तिथेच पडल्या-झडल्या आणि तिथेच खेळायला शिकल्या. पहाटे धुकं विरायच्या आत दोघींचा खेळ सुरू व्हायचा. हरली की छोटी रॅकेट आपटायची, रुसायची, जेवायची नाही. ताई जिंकली तरी चेंडू गोळा करायला तीच जायची.

ताई सोळा वर्षांची असताना राष्ट्रीय शिबिराच्या निवडीचं बोलावणं दोघींनाही आलं. तिथे छोटीची गाठ पडणार होती एका डावखुऱ्या मुलीशी, जिच्यापुढे ती चारदा सपशेल हरली होती. त्या संध्याकाळी बाबांनी ताईला कोर्टाच्या कडेला बसवलं आणि अगदी मायेनं, डोक्यावरून हात फिरवत सांगितलं, की माझ्याच्यानं एकीलाच पुढे नेता येईल. छोटीत जे आहे ते रोज रोज दिसत नाही. तू उद्यापासून रॅकेट डाव्या हातात धर, म्हणजे तिला डावखुऱ्यांची सवय होईल.

आणि ताईनं रॅकेट डाव्या हातात धरली. का, कशासाठी, किती दिवस, एका शब्दानं विचारलं नाही. निवड चाचणीला ती गेलीच नाही. पुढची चार वर्षं ती रोज दोन-दोन तास डाव्या हातानं सर्व्हिस करत राहिली. जो हात त्यासाठी घडलाच नव्हता तो खांद्यातून असा काही निकामी झाला, की आजही तिला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं. उजव्या हाताचा खेळ तर केव्हाच गंजून गेला. छोटीनं मात्र त्या डावखुरीला हरवलं, मग पुढच्या डावखुऱ्यांना हरवलं, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं, की डावखुऱ्यांविरुद्ध हिच्यासारखं कुणी खेळत नाही.

छोटी विमानानं जगभर फिरली, दुहेरीचं मोठं अजिंक्यपद तिनं घरी आणलं. ताईनं खेळाच्या सामानाच्या दुकानात मागच्या खोलीतल्या यंत्रावर लोकांच्या रॅकेटींचं गटिंग करत, नव्या तारा बसवत आयुष्य ओढलं. बाबांना पक्षाघात झाला, मग तर घर सोडून जाणं मनातूनही पुसलं गेलं. तरीही तिच्या अंतःकरणात एक समाधान तेवत होतं... छोटीत होतं ते आपल्यात नव्हतं. प्रशिक्षकाची नजर कधी चुकत नाही. या एका विश्वासाच्या आधारावर तिनं इतकी वर्षं काढली होती, कुणाबद्दल एक कडू शब्द न काढता.

छोटी येणार त्या रविवारी मात्र ताई पहिल्यांदाच विमानतळावर गेली नाही. कामं तुंबलीत, असा निरोप पाठवून ती दुकानात येऊन बसली.

छोटी सामानासकट थेट तिथेच आली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती लंगडत होती. ताईची दोन रॅकेटींची तार ओढून होईपर्यंत ती सामानाला टेकून उभी राहिली, मग म्हणाली, "मुलाखत बघितलीस तू."

"भिंत काय बघणार?" ताई मान वर न करता म्हणाली.

छोटीचे डोळे भरून आले. "तुझं नाव घेतलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं गं. बहीण कशी खेळायची, असं त्यांनी विचारलं असतं. काय सांगणार होते मी? तुझ्या उजव्या हाताला मी एकदाही हरवलेलं नाही, ताई. वीस वर्षं मी जिंकत गेले, आणि दर वेळी वाटायचं, आता कुणीतरी उठून हेच विचारेल..."

"उगाच माझं समाधान करू नकोस. तुझ्यात होतं ते माझ्यात नव्हतं. बाबांनी पारखूनच ठरवलं."

छोटी तिच्याकडे बघतच राहिली. "तू हे खरंच मानत आलीस?"

ताईच्या हातातली तार सुटली. छोटीनं तिचं मनगट धरलं आणि तिला तशीच उठवून घरी नेलं.

बाबा खिडकीशी बसले होते. पक्षाघातानं त्यांचं बोलणं संथ झालं होतं, पण बुद्धी लख्ख होती. छोटीनं पाया पडणं नाही, ख्यालीखुशाली नाही, समोर उभं राहून विचारलं, "बाबा, त्या वर्षी आम्हा दोघींत चांगली कोण खेळायची?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या ताईकडे. मग त्यांनी बरा असलेला हात उचलला आणि ताईकडे बोट केलं.

"ही," ते म्हणाले. "पुष्कळच चांगली."

"मग थांबायला तिला का सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? घर डोक्यावर घेतलं असतंस, खेळच सोडला असतास. मग तुझ्यापायी हिनंही सोडला असता, दोघीही गेल्या असत्या." बाबा दम खात, एकेक शब्द तोलत म्हणाले. त्या स्वरात पश्चात्ताप नव्हता. "ही ऐकायची. म्हणून हिला सांगितलं."

अन्याय ताईनं केव्हाच गिळला होता, त्याची चवही आता उरली नव्हती... पण ज्या एका विश्वासावर तिनं तो गिळला, तोच आज या दोन वाक्यांत गेला. तिच्यात काही कमी नव्हतं. फक्त ती ऐकत होती, एवढाच तिचा दोष.

ती पायरीवर येऊन बसली. छोटी दुखरा गुडघा सावरत शेजारी टेकली आणि हुंदके देऊ लागली. मी सगळ्यांना सांगेन, पुन्हा मुलाखत देईन, वर्तमानपत्रात लिहीन, असं ती म्हणत राहिली.

"नको," ताई म्हणाली. "त्या मुलाखतीत सांगितलं असतंस तर मी सुखानं हसले असते. आता सोळा वर्षांची कुठून होऊ मी?"

छोटीनं ताईचा डावा खांदा हलक्या हातानं चोळायला सुरुवात केली. ताईनं तिचा हात झटकला नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा धाकटीचं डोकं थोरलीच्या मांडीवर टेकलं.

आतून बाबांची हाक आली. जेवायची वेळ झाली होती.

ताई सवयीनं उठली, तशी छोटीनं तिचा पदर धरला. "मी वाढते. कुठे काय आहे ते शोधेन. तू जा."

"कुठे जाऊ?"

"कुठेही. जा तू, ताई."

ताई फाटकापर्यंत गेली. बाबांनी दुसऱ्यांदा हाक मारली, या वेळी तिचं नाव घेऊन, मोठ्यानं. तिला ती स्वच्छ ऐकू आली. तिनं फाटक उघडलं, बाहेर पडली आणि मागे वळून न बघता चालू लागली.