सातवा तुकडा

सुरुवात झाली ती धुण्यापासून. मंगळवारची दुपार होती, ऊन चांगलं कडक पडलं होतं, आणि म्हातारीचं अंथरूण एकदा धुऊन टाकावं म्हणून सर मागच्या खोलीत गेले. एवढंच.

म्हातारी म्हणजे त्यांची कुत्री. घरात तशा दोन म्हाताऱ्या होत्या. दुसरी सरांची थोरली बहीण. "म्हातारी जेवली का?" असं सरांनी विचारलं, की स्वयंपाकघरातून ताईचं ठरलेलं उत्तर यायचं, "कुठली? भुंकते ती, की चावते ती?"

सरांनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले आणि त्यांनी कुत्र्यांची पैदास सुरू केली. फार मोठा पसारा नव्हता. एकच कुत्री, मागची एक खोली, आणि मधूनमधून होणारी पिल्लं. ती देखणी असत, शहाणी असत, आणि लोक लांबून ती न्यायला येत.

ताईचा एक नियम होता. पिल्लं दोन महिन्यांची होऊन निघाली, की आईच्या अंगाखालचं ब्लँकेट तिने कात्रीने कापायचं आणि प्रत्येक पिल्लाबरोबर एकेक तुकडा द्यायचा. नव्या घरात पहिल्या दिवशी पिल्लू रडून गोंधळ घालतं. आईचा वास उशाशी असला की झोपतं. शेवटच्या खेपेला सहा पिल्लं झाली होती. ब्लँकेट राखाडी होतं, एका कोपऱ्याला निळा पट्टा. ताईने त्याचे सात तुकडे केले. सहा गेले, निळ्या पट्ट्याचा सातवा म्हातारीपाशी राहिला. त्यालाही दोन वर्षं होऊन गेली होती, पण म्हातारी दुसऱ्या कशावर झोपायला तयार नसे.

तो तुकडा सरांनी त्या दुपारी उचलला, आणि तो हाताला जड लागला.

तो दुप्पट झाला होता.

सरांना आधी वाटलं, ताईने काहीतरी जोडलं असेल. त्यांनी चष्मा पुसला. टाका कुठेच नव्हता. ताईचा हात थरथरतो म्हणून कापलेली कड वाकडी आली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ती वाकडी कडच नव्हती. वीण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली होती. आणि वास... दुधाचा येत होता. नुकत्याच पाजलेल्या पिल्लांच्या तोंडाला येतो तसा, कोमट, किंचित आंबूस. म्हातारीला दहा वर्षं झाली होती. ती भिंतीशी बसून सरांकडे बघत होती.

"ताई, तू शिवलंस हे?"

"सुईत दोरा ओवायला मला शेजारीण बोलवावी लागते. मी कशाला शिवतेय?" ताई म्हणाली. "तूच आणून टाकलं असशील आणि विसरला असशील. आताशा चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधतोस."

सरांना ते पटलं. स्वतःवर शंका घ्यायची त्यांना जुनी सवय होती. कधीकधी ती सोयीचीही पडे.

शुक्रवारी शिंप्याचा फोन आला. पहिलं पिल्लू त्याने नेलं होतं.

"सर, तुम्हाला कळवावं म्हटलं... आपला गेला हो. मंगळवारी, भर दुपारी. चेंडूमागे पळाला आणि पडला. पळता पळताच गेला बघा." मग थोडं थांबून शिंपी म्हणाला, "ते तुमचं फडकं त्याच्याबरोबर पुरायचं होतं. दोन वर्षं त्याच्यावरच झोपायचा. घर पालथं घातलं, पण कुठे मिळालं नाही."

सर "अरेरे" म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

ही पिल्लं तीन आठवड्यांची असतानाच त्यांच्या बापाच्या मालकाचा फोन आला होता. तो रुबाबदार कुत्रा चौथ्याच वर्षी खेळता खेळता कोसळला होता. "डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं आहे, रक्तातून उतरतं. पिल्लं नेणाऱ्यांना सांगून ठेवा, सर. वर्षाचं झालं की तपासायला न्यायचं, फार पळवायचं नाही. वेळेवर कळलं तर औषध आहे."

सरांनी फोन ठेवला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर, तीस वर्षं फळ्यावर काढला तसा, चार घरांचा आनुवंशिकतेचा चौकोन काढला. उत्तर त्यांना पाठच होतं. निम्मी. सहातली तीन. कुठली तीन ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. मग तीन चांगल्या पिल्लांच्या घरांना उगाच घोर कशाला लावायचा? आणि ज्यांची मुलं रोज येऊन पिल्लांना मांडीवर घेऊन बसत होती, त्यांना आता नाही कसं म्हणायचं? कागद रद्दीत गेला. ताईलाही त्यांनी सांगितलं नाही.

शेवटचं पिल्लू एका ग्रंथपालाने नेलं. बरोबर त्याची सहाएक वर्षांची मुलगी होती. "परक्यांशी बोलत नाही हो ती, शाळेतसुद्धा तोंड उघडत नाही," तो म्हणाला होता. पण पिल्लू हातात आल्यावर मुलीने मान वर केली आणि अगदी हळू विचारलं,

"हा किती वर्षं राहील माझ्याजवळ?"

आणि सर हसून म्हणाले होते, "तू कॉलेजात जाशील तोपर्यंत!"

महिनाभराने ब्लँकेट पुन्हा वाढलं. दुसऱ्या दिवशी दुसरं पिल्लू नेलेल्या नर्सबाईंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, त्याचंच सरांना जास्त भय वाटलं. "रोज माणसांची छाती तपासते मी," त्या म्हणाल्या, "घरच्या मुक्या जिवाला कधी नळी लावली नाही. लावायला हवं हे कुणी सांगितलंच नव्हतं ना."

त्या संध्याकाळी सरांनी ताईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"बाकीच्या चौघांना कळवलंस?"

"काय तोंडाने कळवू? दोन वर्षं गप्प का बसलात विचारलं, तर?"

"तर खरं ते सांग. लाज वाटेल. वाटू दे." ताईने निवडलेली भाजी पुढे सारली. "तुला सगळं गणित येतं रे. एक फोन तेवढा करता येत नाही."

सरांनी वही काढली. चार नंबर समोर होते. पहिल्या नंबरावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले आणि मग वही मिटली. उद्या करू म्हणाले. उद्याचे परवा झाले.

तिसरा तुकडा आला तेव्हा त्यांनी फोनची वाटही पाहिली नाही. ट्रक चालवणाऱ्याचं पिल्लू गेलं होतं; त्याच्या शेजारच्या सीटवर बसून ते गावोगाव फिरायचं. सर मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर टेकले, आणि त्यांच्या मनात जे आलं त्याची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली. त्यांना हायसं वाटलं. तीन झाले. सहाचे निम्मे तीन. आता संपलं.

त्या दुपारी त्यांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

वास्तविक हीच चूक करणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते वर्गात दरवर्षी हसायचे, कारण दरवर्षी एक तरी असा निघायचाच. तीनदा छापा पडला म्हणून चौथ्यांदा काटा पडायला बांधलेला नसतो, बाळा. नाण्याला आठवण नसते.

चौथ्या खेपेला ते सकाळी उठले तेच कुठल्याशा आवाजाने. मागच्या खोलीतून चुटचुट, चुटचुट असा आवाज येत होता... पुष्कळ लहान तोंडं एकदम पितात तसा. ते दारापाशी गेले तसा तो थांबला. म्हातारी कुशीवर पडली होती, पोट उघडं, पाय ताणलेले, पिल्लांना पाजताना असायचे तसे. पोटापाशी कुणीही नव्हतं. तिच्याखाली ब्लँकेट मात्र खोलीच्या निम्म्या रुंदीला पोचलं होतं.

सरांनी स्वतःच वहीतल्या पुढच्या नंबराला, घड्याळजीला, फोन लावला. घड्याळजी सावकाश बोलणारा माणूस. "सर," तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं? आत्ता... अर्धा तास झाला. अजून गार पण नाही झालेला."

रिसीव्हर ठेवून लगेच त्यांनी बेकरीवाल्याचा नंबर फिरवला. या वेळी बोट थांबलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. पलीकडे भट्टी घरघरत होती.

"सर, तुम्ही शिकलेली माणसं," बेकरीवाला म्हणाला. "मी चार इयत्ता शिकलो. पण करपलेला पावसुद्धा मी सांगून विकतो."

त्याने फोन आपटला. पण त्याच संध्याकाळी तो कुत्र्याला घेऊन डॉक्टरकडे गेला, आणि डॉक्टरांना छातीत हवा होता त्यापेक्षा वेगळा ठोका ऐकू आला. औषध सुरू झालं. बेकरीवाल्याचा तुकडा कधीच परत आला नाही.

उरला ग्रंथपाल. त्याचा नंबर बंद होता. सर रिक्षा करून त्याच्या पत्त्यावर गेले, तर दाराला दुसऱ्याच नावाची पाटी. तिथून ते वाचनालयात गेले. "त्यांची बदली होऊन सहा महिने झाले," तिथला कारकून म्हणाला, आणि सरांचा चेहरा बघून काही न विचारता त्याने एका कार्डाच्या पाठीमागे नवा नंबर लिहून दिला. ते गाव रेल्वेने दहा तासांवर होतं.

सर घरी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. म्हातारीकडे बघायलाही ते गेले नाहीत. चपला पायात तशाच ठेवून त्यांनी नंबर फिरवला.

"सर! तुम्ही?" ग्रंथपालाला आनंद झाला. "छान आहे की तो. इथेच लोळतोय."

सरांनी सांगायला सुरुवात केली. ताईने पाण्याचा पेला पुढे केला. ग्रंथपालाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"उद्या सकाळीच नेतो डॉक्टरकडे," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "म्हणजे... तिला माहीत असावं."

"कुणाला?"

"एक म्हातारी कुत्री येते आमच्याकडे. तुमच्या कुत्रीसारखीच दिसते, म्हणून आम्हाला गंमत वाटायची. गेले चार महिने रोज दुपारी दारात हजर. हा जरा पळायला लागला की ही पुढ्यात आडवी पडते. हलूच देत नाही त्याला. आम्ही म्हणायचो, काय खाष्ट आहे ही! आत्ताही आलीये. आज तर तोंडात काहीतरी घेऊन आलीये... फडकं आहे वाटतं. राखाडी. निळा पट्टा आहे बघा त्याला."

सरांनी ताईकडे पाहिलं. ताई आधीच मागच्या खोलीकडे निघाली होती.

म्हातारी सकाळीच कधीतरी गेली असावी. अंग ताठ झालं होतं. चारही पंजांना ओली लाल माती लागलेली होती, आणि गेल्या चार महिन्यांत ती अंगणापलीकडे गेली नव्हती. तिच्याखाली चार तुकड्यांचं ब्लँकेट होतं, नीट, सलग. फक्त निळ्या पट्ट्याचा कोपरा नव्हता. तिथे ताईच्या थरथरत्या हाताची वाकडी कड पुन्हा उमटली होती.

त्यांनी तिला अंगणात पुरलं. ब्लँकेट मात्र ताईने खोलीतच राहू दिलं.

ग्रंथपालाच्या कुत्र्याचं हृदय वाढलेलं निघालं. "अजून महिनाभर गेला असता तर," डॉक्टर म्हणाले, आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दोन वेळच्या गोळ्या सुरू झाल्या, चेंडू कपाटावर गेला. सर रोज दुपारी तीन वाजता फोन करू लागले. पहिले काही दिवस ग्रंथपाल घ्यायचा. मग एक दिवस पलीकडून कुणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू आला, आणि थोड्या वेळाने मुलगी म्हणाली,

"गोळी दिली. दोघंही झोपलीत."

"दोघंही?"

"हा आणि म्हातारी. ती आता जातच नाही, सर. रात्रीपण इथेच असते. फडक्यावर."

सरांनी तिला काही सांगितलं नाही. "फोन तेवढा करत राहा," ताई म्हणाली, "बाकीचं म्हातारीचं म्हातारी बघेल."

अशी चार वर्षं गेली. एकही दुपार चुकली नाही. शाळेत तोंड न उघडणारी ती मुलगी सरांना रोज सांगायची: आज त्याने दोन पोळ्या खाल्ल्या, आज मांजरावर गुरगुरला, आज मी वर्गात कविता म्हटली. आणि शेवटी न चुकता, दोघंही झोपलीत. गोळ्यांनी आणि त्या आडव्या पडण्याने मिळून चार वर्षं दिली. ती वर्षं मुलीच्या वाट्याला यायची होतीच, सरांनी फक्त अडवून धरली होती, असं ताई म्हणायची. सरांना ते कधी पटे, कधी पटत नसे. कॉलेज अजून लांब होतं. मुलगी बारा वर्षांची झाली होती.

काल सरांनी तीन वाजता फोन लावला. मुलीने उचलायला वेळ लावला.

"सर..." ती कुजबुजत होती. "हा झोपलाय. बाबा म्हणतात नुसता दमलाय. पण म्हातारी उठलीये... दाराशी उभी आहे."

"उभी आहे?"

"माझ्याकडे बघतेय. तोंडात फडकी आहेत... दोन." मुलीने विचारलं, "दोन का घेतलीत, सर? त्याचं पण घेतलंय तिने... सर, ती गेली. दार बंद होतं तरी..."

"बेटा, त्याच्याजवळ बस," सर म्हणाले. "त्याच्या छातीवर हात ठेव. बाबांना हाक मार. मी फोन ठेवत नाही. मी आहे."

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने मान वळवून मागच्या खोलीकडे पाहिलं. सरांनाही ते ऐकू आलं होतं. बंद दारापलीकडे, फरशीवरून, वाढलेल्या नखांचा आवाज. टिक... टिक... टिक... सावकाश, लांबून चालून आल्यासारखा. मग थांबला. मग ब्लँकेटवर कुणीतरी, गुडघे दुखणाऱ्या जनावराने बसावं तसं, हळूहळू अंग टेकलं.

आणि मग, पलीकडून मुलगी वडिलांना हाका मारत असतानाच, इकडे चुटचुट सुरू झाली.