मुराळी गेला नाही ती भाऊबीज

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल सापगावला जावं आणि चंदरच्या दारात उभं राहून विचारावं.

फक्त भाऊबीजेला जाऊ नये. त्या दिवशी चंदर कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

साल अठ्ठ्याण्णव. दिवस भाऊबीजेचा. वेळ म्हणाल तर टळटळीत दुपार.

हो, दुपार! भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट वाचावं. खळ्यावर हळव्या भाताचे भारे पडले होते. आळीतली पोरं दगडाने टिकल्या फोडत होती. अंगणातल्या रांगोळीवर लख्ख ऊन होतं...

आणि त्याच उजेडात हे झालं.

चंदर त्या वर्षी आसनगावकडच्या एका कंपनीत परमनंट झाला होता. लगेच जुन्या घरापुढे दोन खोल्या चढल्या. वर स्लॅब, भिंतींना गुलाबी रंग, दाराला नक्षीचा पडदा. मागची पडवी मात्र तशीच राहिली. मातीची जमीन, तिच्यात पुरलेलं दगडी उखळ, आणि वर आढ्याला बांधलेलं मुसळ. आता पोहे शहापूरच्या गिरणीतून यायचे, मुसळाला हात लावतो कोण?

"पुढून सायेब, मागून आमचा जुना चंदर," असं त्याची बायको रेश्मा चिडवायची.

चंदरला सख्खं असं एकच माणूस. मोठी बहीण जना. तिला तो बाय म्हणायचा. आई गेली तेव्हा चंदर रांगत होता. जनाने त्याला कडेवर वाढवलं. स्वतः परकर नेसायच्या वयात ती आई झाली. पुढे तिचं लग्न टोकावड्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर झालं. नवरा धाऊ. माणूस गरीब पण सरळ.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. लेकबाळ सणाला आपल्या पायाने माहेरी येत नाही. माहेरचं कुणीतरी तिला न्यायला जातं. त्यालाच मुराळी म्हणायचं, आणि त्या बोलावण्याला मूळ. आणि जाताना तिची ओटी भरून, मानाने बोळवण करायची. चंदरच्या घरचा मुराळी म्हणजे चंदरच. दर पाडव्याला तो एसटी पकडायचा, मुरबाडवरून टोकावड्याला जायचा, आणि जनाला घेऊन यायचा.

आली की जना पहिली पडवीत शिरायची. आढ्याचं मुसळ खाली काढायची. नवं भात भाजून, गरम असतानाच उखळात घालून कांडायची. भावाला हातचे पोहे चारल्याशिवाय तिची भाऊबीज होत नसे.

पण त्या वर्षी चंदरने भाऊबीजेला साहेबांना फराळाला बोलावलं होतं. साहेब आणि त्यांची बायको, दोघांनाही.

आणि जना... जना म्हणजे कासोट्याचं लुगडं, गुडघ्याच्या वर खोचलेलं. दातांना मिशेरी. पडवीत बोलली की नदीपलीकडे ऐकू जावं असा आवाज. पाहुणा दिसला की तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "ह्येचं ढुंगन मी धुतलंय बरं का!"

इतकी वर्षं चंदर हसायचा. त्या वर्षी त्याला घाम फुटला.

"पाडव्याला निघनार ना तुमी? वन्संना आनायला?" रेश्माने विचारलं.

"या साली नाय."

"का?"

"सायेब यायचेत."

"मग? वन्स काय सायबांना चावनार हायेत?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. चंदरने चढवला.

शेजारचा लडकू पाडव्याला टोकावड्याला सासुरवाडीस निघाला होता. चंदरने त्याच्याकडे निरोप दिला. "सांग माझ्या बहिनीला, चंदर तापानं फनफनलाय. या साली न्यायला येनं जमनार नाय."

दिवाळीच्या दिवसांत, धडधाकट माणसाने, स्वतःच्या तोंडाने हे सांगितलं.

भाऊबीजेला साहेब आले. स्टीलच्या नव्या ताटल्या निघाल्या. करंज्या, चिवडा, लाडू झाले. चंदर तोंड भरून "आहे", "नाही" करत शुद्ध बोलत होता. रेश्मा समोरच उभी राहून वाढत होती. मागे कुणीच नव्हतं.

आणि मग...

धप्प.

चंदरला वाटलं, पोरांनी काहीतरी आपटलं असेल.

धप्प... धप्प...

जमिनीतून येणारा, दमाने, तालात पडणारा आवाज. त्या घरात वाढलेल्या माणसाला तो सांगायला लागत नाही.

मागे कुणीतरी उखळात कांडत होतं.

पाठोपाठ वास आला. भाजलेल्या नव्या भाताचा, गरम पोह्यांचा.

रेश्माच्या हातातला लाडू ताटलीच्या वरच थांबला. तिने चंदरकडे पाहिलं. चंदर उठला, मागच्या दाराचा पडदा बोटभर बाजूला केला...

पडवीत जना होती.

पाठमोरी. हिरवं लुगडं वर खोचलेलं. अंबाड्यात झेंडूचं फूल. दोन्ही हातांनी मुसळ वर जायचं, खाली यायचं. अंगणातलं ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं.

तिने वळून पाहिलं नाही.

भावाला बरं वाटायला हवं होतं. बहीण आली, मुराळ्याची वाट न बघता आली. पण खरं सांगायचं तर चंदरला बरं वाटलं नाही. त्याला लाज वाटली. आता ही आत येणार, मिशेरीचे दात दाखवणार, आणि ते वाक्य बोलणार. एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

त्याने पडदा सोडला आणि तो पाहुण्यांकडे परतला. त्याच्या खांद्यावरून बघणारी रेश्मा मधल्या दारातच राहिली.

"किती छान वास येतोय हो," साहेबांची बायको म्हणाली. "मागे कोण आहे?"

"कोणी नाही," चंदर म्हणाला. "कामाची बाई आहे."

मुसळ वर गेलं होतं.

ते खाली आलंच नाही.

चंदर वाट बघत होता. रेश्मा वाट बघत होती. पुढचा धप्प पडायला हवा होता... पडला नाही. नुसती शांतता. बाहेर टिकल्या फोडणारी पोरंसुद्धा गप्प झाली होती.

साहेब गेले तसा चंदर मागे धावला. "बाय! बाय गो!"

पडवी रिकामी होती.

त्याने वर पाहिलं. मुसळ आढ्याला, गेल्या दिवाळीत जनाने बांधलं होतं तसंच होतं. मुसळ आणि आढं मिळून कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. ते घर अख्खं होतं. कुणी मुसळ काढलं असतं तर ते फुटून खाली पडलं असतं.

पण उखळाशेजारी सूप होतं. सुपात पोहे होते. पाखडून, कोंडा काढून ठेवलेले.

रेश्माने हात लावला आणि झटकन मागे घेतला. पोहे गरम होते.

"तुला दिसली का?" चंदरने विचारलं.

"पाठ दिसली." रेश्मा म्हणाली. "तुमी काय म्हनालात ते मला मधल्या दारात ऐकू आलं. मंजे त्यांना पन आलं असंल."

ते पोहे कुणी खाल्ले नाहीत. टाकायचीही कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो निघाला. तुमच्या मनात जे आलंय तेच त्याच्या मनात होतं. टोकावड्याला उतरून तो पाड्याची चढण धावतच चढला. दारात माणसं जमलेली असतील, कुणी रडत असेल...

दारात कुणी नव्हतं.

ओट्यावर जना बसली होती. जिवंत, धडधाकट. अंगावर हिरवं लुगडं. मांडीवर पिशवी.

देव पावला असं त्याला वाटलं. फार वेळ वाटलं नाही.

धाऊ बाहेर आला. मेव्हण्याला ठणठणीत बघून तो क्षणभर गोंधळला. मग त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "लडकू सांगून गेला तवापासून हिचा जीव थाऱ्यावर नाय. पोराला ताप, आनि मी हितं लाडू खाऊ काय, म्हनाली. मी म्हनलो, मूळ आल्याबिगर माहेराला जाशील तर लोक काय म्हनतील? तर काल न्हाऊन, फूल माळून, पिशवी घेऊन हितं बसली. दुपारी बघतो तर डोले उघडे, पन हाक मारली तर ओ नाय. आनि हात असे... वर-खाली, वर-खाली. कांडल्यावानी."

"मग?"

"मग हात वर गेले ते वरच ऱ्हायले. मी नि शेजाऱ्यानं ओढले तरी खाली येईनात. दिवे लागले तवा आपसूक खाली आले. तवापासून बोलली नाय."

चंदर बहिणीपुढे जाऊन बसला. तिच्या पायाला हात लावला. मान वर करायची त्याची हिंमत होत नव्हती.

जनाने हात उचलून त्याच्या कपाळावर ठेवला. तळहात खरखरीत लागला. फोडांनी भरला होता.

"ताप उतरला का रे?" तिने विचारलं.

काही गोष्टी अशा असतात की त्यांच्यापेक्षा चार शिव्या परवडल्या. चंदर हमसून हमसून रडला. ताप नव्हता, हे त्याने सांगितलं नाही.

"चल बाय," तो शेवटी म्हणाला. "न्यायला आलोय."

"कोनाला?"

"तुला. अजून कोनाला?"

जनाने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, वेड्यासारखंही नाही. लहान पोराला समजावतात तसं ती हळूच म्हणाली,

"मी तिकडंच हाय ना रे."

तरी ती आली. चंदर मुराळी होऊन आला होता, त्याचा मान तिने राखला. पण ती पडवीत गेली नाही. पुढच्या खोलीत, भिंतीला टेकून, पाहुण्यासारखी बसली. पाणी हवं असलं तर विचारून घेतलं. तो मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. चंदरच्या लहानपणाचं एक अक्षर तिने काढलं नाही.

चंदर पाटावर बसला. जनाने निरांजन लावलं, ओवाळायला हात पुढे केला...

धप्प.

मागून.

धप्प... धप्प...

रेश्मा भिंतीला चिकटली. चंदरच्या अंगावर सरसरून काटा आला. जनाचा हात मात्र हलला नाही. ज्योतसुद्धा थरथरली नाही. तिने ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि मागच्या दाराकडे एकदाही न बघता बाजूला झाली.

ओटी भरून, नवं लुगडं देऊन चंदरने तिला टोकावड्याला पोचवलं. परत आला तेव्हा अंगणातच आवाज कानावर आला. बहीण तिकडे सोडून आला होता, आणि मागे कांडण चालूच होतं.

आळीत सकुबाई म्हणून एक म्हातारी होती, जुनं जाणणारी. रेश्माच्या आग्रहाने चंदर तिच्याकडे गेला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "आली ती मुळाबिगर आली. तुझ्या मायेनं आली. आता बोळवन केल्याबिगर जायाची कशी? ओटी भर तिची."

चंदरने उखळावर ओटी ठेवली. तांदूळ, नारळ, खण. हात जोडले. सकाळी पाहिलं तर ओटी तशीच. तांदळाला मुंगीसुद्धा लागली नव्हती. पुन्हा ठेवली, पुन्हा तशीच राहिली.

तो पुन्हा सकुबाईकडे गेला. म्हातारीने विचारलं, "खरं सांग. पावन्यांपुढं तिला काय म्हनलास?"

चंदरने तोवर ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. मान खाली घालून, रेश्मादेखत.

सकुबाई उठून चुलीकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मग ती ओटी कशी घेईल रे?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. चंदर कंपनीत मोठा झाला, जना म्हातारी झाली. दर पाडव्याला तो न चुकता तिला आणायला जातो. मागचं कांडण एरवी बंद असतं. भाऊबीजेला दुपारी सुरू होतं. ऐकलेली माणसं आहेत. नावं सांगत नाही, त्यांनाच ते आवडणार नाही.

जेवणं वाढली की जना पहिला घास हातात धरून थांबते. मागे कान देते. आणि रेश्माला हळू आवाजात विचारते,

"तिला वाढलंस का गो?"

रेश्मा ताट वाढते, पडवीत ठेवून येते. आवाज थांबतो. चंदर समोरच्या भाताकडे बघत बसून राहतो, त्याला घास गिळवत नाही.

घरच्या माहेरवाशिणीचं ताट घरचं कुणीतरी उचलतं. कामावरची बाई जेवली की आपलं ताट आपणच धुते, आणि उंबऱ्याच्या आत न आणता बाहेर पालथं घालून जाते.

दिवे लावायला म्हणून रेश्मा मागे जाते तेव्हा ताट रिकामं असतं.

धुतलेलं असतं.

आणि पडवीच्या बाहेर, भिंतीला लावून, पालथं घातलेलं असतं.