पदराआडची समई

काजवे गेले तरी कुठे?

जुई मैदानाच्या कडेला, हिरड्याच्या झाडासमोर मान वर करून उभी होती. परवापर्यंत अंधार पडला की हे झाड लखलखायचं. आज ते मुकाट होतं. आणि नेमके आजच देशोदेशीचे परिसंस्थाशास्त्रज्ञ (सजीव एकमेकांच्या आधाराने कसे जगतात, याचा अभ्यास करणारे) हिरडेवाडीत जमले होते. परिषदेचं उद्घाटन गावच्या मैदानावर, गावकऱ्यांसमोर व्हायचं होतं. आधी समई, मग मुलांची लेझीम, मग जुईच्या आजीचं भाषण. आजी कीटकशास्त्रज्ञ होती. भाषणाच्या शेवटी ती सगळ्यांना काजव्यांनी भरलेलं झाड दाखवणार होती.

"मिणमिण्या, एकही नाही का रे?" जुईने विचारलं.

मिणमिण्या म्हणजे आजीचा गुडघ्याएवढा यंत्रमानव. "आहेत, पुष्कळ आहेत. पानांवर बसलेत. पण कुणीच चमकत नाही."

"संपावर गेलेत की काय?"

"त्यांनी मागण्या कळवलेल्या नाहीत," मिणमिण्या गंभीरपणे म्हणाला.

जुईला हसू आलं, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिची आई चंद्रावरच्या तळावर काम करत होती. वर्ष झालं, घरी आली नव्हती. आजचा सोहळा ती तिथून पडद्यावर पाहणार होती. आईला आपली लेझीम नीट दिसावी म्हणून जुईनेच हट्ट करून मैदानाभोवती मोठाले दिवे लावून घेतले होते. कालची तालीमही त्याच उजेडात झाली होती. तालमीत गुरुजी ओरडलेच होते, "जुई, शेवटचा ठोका घाईने देऊ नकोस! दरवेळी तुझी लेझीम सगळ्यांच्या आधी वाजते!"

तिला एक युक्ती सुचली. "मिणमिण्या, झाडाशी जा आणि तुझा हिरवा दिवा लुकलुकव. तुला बघून तेही सुरू करतील."

मिणमिण्या गेला.

"चमक की रे!"

"चमकतोच आहे."

"थापा मारतोस!"

जुई धावत गेली आणि तिने त्याच्या कपाळावर दोन्ही हातांची ओंजळ धरली. आतल्या काळोखात इवलासा हिरवा ठिपका लुकलुकत होता. तिने ओंजळ काढली, ठिपका दिसेनासा झाला. जुईने मैदानावरच्या दिव्यांकडे पाहिलं आणि ती तडक आजीकडे पळाली.

"आजी, माझ्या दिव्यांमुळे का गं?"

आजीने तिला जवळ घेतलं. "हं, तसंच दिसतंय. काजव्याच्या पोटात जीवदीप्ती (शरीरातल्या रसायनांपासून तयार होणारा थंड उजेड) असते. नर चमकून हाक मारतो, मादी चमकून ओ देते. प्रत्येक जातीची चमकण्याची लय वेगळी. त्या लयीवरून ती आपल्या माणसाला ओळखते."

"माणसाला?"

"बरं बाई, काजव्याला! पण सगळीकडे असा झगझगाट असला, की हाक दिसणार कशी? मग ते गप्प बसतात. याला प्रकाशप्रदूषण (नको तिथे, नको तेवढा उजेड) म्हणतात. काजवे भेटले नाहीत तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर अळ्या नाहीत. या अळ्या गोगलगायींना खातात. अळ्याच नसल्या तर गोगलगायींचं फावतं, आणि भाताची कोवळी रोपं त्यांच्या पोटात जातात. एका दिव्याचा धागा बघ कुठवर गेला."

"पण दिवे बंद केले तर आईला मी दिसणार नाही."

"नाही दिसणार," आजी हळूच म्हणाली. "दिवे तू मागितलेस. काय करायचं ते तूच सांग."

जुईने मिणमिण्याच्या कपाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बंद करूया."

सरपंच कौसाबाई समईपाशी उभ्या होत्या. मैदानावरचे दिवे बंद करायचे हे ऐकून त्या दचकल्याच. "अगं पोरी, उद्घाटनाला कुणी दिवा मालवतं का? पाहुणे काय म्हणतील!"

"समई मालवायची नाही, कौसामावशी," जुई म्हणाली. "वारा सुटला की तुम्ही तुळशीपुढचा दिवा कसा जपता? तशी पदराआड धरा."

कौसाबाई हसल्या. समई लागली. मैदानावरचे दिवे बंद झाले. कौसाबाईंनी ज्योतीपुढे पदर धरला.

हलगी वाजली आणि काळोखातच मुलांची लेझीम सुरू झाली. छुन् छुन्, छुन् छुन्! कुणाला कुणी दिसत नव्हतं. शेजारच्याचा ठोका ऐकायचा आणि आपला त्यात मिळवायचा.

हिरड्यावर एक ठिपका चमकला. मग दुसरा. त्याला बघून तिसरा. बघता बघता सगळं झाड एका तालात उजळू आणि मावळू लागलं. आजी भाषणाला उभी राहिली आणि तिने आधी झाडाकडेच बोट दाखवलं.

कार्यक्रम संपल्यावर मिणमिण्याच्या पोटातून आईचा आवाज आला. "जुई, झाड किती सुंदर दिसलं गं!"

"पण आई, मी तर दिसलेच नाही तुला."

चंद्रापर्यंत शब्द जायला आणि उत्तर यायला जरासा वेळ लागतो. तेवढा वेळ जुई मिणमिण्याच्या पोटाला कान लावून बसली.

"दिसली नाहीस, पण ऐकलं मी तुला," आई म्हणाली. "शेवटचा ठोका सगळ्यांच्या आधी कुणी दिला, ते मला कळत नाही होय? मी आले ना, की आपण दोघी त्या झाडाखाली बसू. दिवा न लावता."